खुर्चीची ओळ

दाराजवळची खुर्ची मिळावी म्हणून ती अर्धा तास आधी येऊन बसली होती. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानामागची ती लांबट खोली. खुर्च्या चाळीसेक, पण कुठल्याही दोन एकमेकींच्या नात्यातल्या वाटू नयेत अशा. दार एकच, आणि तेही नेमकं गाणाऱ्याच्या स्टुलाला लागून. म्हणजे पळून जायला सगळ्यांत सोयीची खुर्ची तीच सगळ्यांत पुढची खुर्ची होती. हे तिच्या लक्षात येईपर्यंत खोली भरून गेली होती.

"एवढ्या पुढे बसून फोन बघणार आहेस तू?" शेजारी बसलेल्या नणंदेनं विचारलं.

"बघत कुठे आहे? मांडीवर ठेवलाय नुसता."

"हो, बरोबर. मांडी रिकामी राहायची सवयच गेलीय ना तुझी."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती तान्ह्या पिट्टूला सोडून घराबाहेर पडली होती. तिकीट नणंदेनं काढलं होतं आणि वर दम भरला होता, "वहिनी, तू आली नाहीस तर मी दोन खुर्च्यांवर आडवी झोपून ऐकेन." कार्यक्रम दुपारी चारचा होता. गाणाऱ्यांचा आवाज हल्ली सहानंतर बसतो म्हणे. घरी पिट्टूपाशी तिचा बाबा होता. त्याच्यासाठी तिनं फ्रिजवर कागद चिकटवला होता, एक ते सतरा सूचनांचा. नणंद तो वाचून म्हणाली, "विमान उडवायलासुद्धा एवढं लागत नसेल गं. दादाला दोन हात आहेत. मी लहानपणीच मोजून घेतलेत."

ती हसली होती. हसता हसता तिनं अठरावी सूचना लिहिली होती.

गाणाऱ्यांना सगळे पेन्सिलकाका म्हणत. सत्तरी केव्हाच उलटलेली. त्यांनी लिहिलेली गाणी उभं आयुष्य दुसऱ्यांनी गायली आणि गाजवली. कॉलेजात असताना हिच्या वह्यांची मागची पानं त्याच गाण्यांनी भरलेली असायची. आता काका स्वतःच गिटार घेऊन लहानलहान खोल्यांतून गात फिरत. आवाजाला चिरा पडल्या होत्या, पण कानामागची पेन्सिल तेवढी ताठ होती.

"दिवे मालवणार नाही," वाद्यवाल्यानं सुरुवातीलाच सांगितलं. "काकांना चेहरे दिसावे लागतात. नवं गाणं म्हणताना ते समोरचं एक माणूस धरतात. कोण, ते विचारायचं नाही. त्या माणसाची नजर हलली की ओळ खोडली. राग मानू नका. आणि उगाच डोळे फाडून बसूही नका, त्यांना कळतं ते."

लोक हसले. काका हसले नाहीत.

आधी जुनी गाणी झाली. तिला सगळी पाठ होती, ओठ आपोआप हलत होते. मग काकांनी स्टँडवर एक कागद लावला आणि नवं गाणं सुरू केलं. घराला कुलूप लावून निघालेल्या माणसाचं.

पहिल्या कडव्यात मांडीवर फोन थरथरला. 'उठली.' तिनं मान वर केली तेव्हा काकांनी गिटार थांबवली होती. कागदावर पेन्सिलीची एक रेघ. पुढे सुरू. दुसऱ्या कडव्यात पुन्हा थरथर. 'खाल्लं. अर्धं माझ्या शर्टानं.' वर बघते तर पुन्हा रेघ. योगायोग असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिसऱ्यांदा फोन थरथरला तेव्हा काका गात होते,

*कुलूप लावलं, चार पावलं गेलो,*
*मागे येऊन पुन्हा ओढून पाहिलं.*
*चोरून न्यावं असं होतंच काय?*
*एक खुर्ची. तिच्यात तुझं बसणं राहिलं.*

'रडतेय. सात नंबर करून झाला, आता अकरा करतो.' वाचता वाचताच ती ओळ तिच्या कानातून आत उतरली आणि तिथेच बसली. मान वर करायच्या आधीच तिला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. ही रेघ आधीच्या दोन्ही रेघांपेक्षा सावकाश ओढलेली होती.

म्हणजे धरलेलं माणूस तीच होती.

मध्यंतर झालं. नणंद कानाशी म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या त्यांच्या. त्यांच्यावरच असणार गं हे गाणं." हिनं नवऱ्याला 'येऊ का?' असं लिहून पाठवलं आणि पर्स खांद्याला लावली. उत्तर आलं नाही. दार दोन पावलांवर होतं. पण दारालगतच्या स्टुलावर काका गरम पाणी पीत बसले होते, आणि त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येणार नव्हतं.

"काका, ती खुर्चीची ओळ खोडू नका."

"खोडली की."

"ओळ वाईट नव्हती. मी फोनसाठी खाली बघितलं. घरी बाळ आहे, आठ महिन्यांचं."

"प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच," काका म्हणाले. "ओळ चांगली असती तर तुम्ही फोन विसरला असतात."

ते तोडून बोलत नव्हते. सुतार फळीवर टिचकी मारून बघतो, तसं बोलत होते. एरवी ती ओशाळून बाहेर पडली असती. आज मात्र फणकारा आला.

"आठ महिने मी फोन विसरलेली नाही. झोपेतसुद्धा. तुमची एक ओळ काय करणार?"

काकांना ठसका लागला. वाद्यवाला धावत आला, तेव्हा कळलं की ते हसतायत. "बरं," ते डोळे पुसत म्हणाले. "परत म्हणतो. फोन हातातच ठेवा. बघू या कोण जिंकतं."

झालं. आता जाताही येईना. ती बसली. फोन हातात, 'येऊ का?' तसंच अनुत्तरित. काकांनी गाणं पहिल्यापासून सुरू केलं आणि तिनं नजर त्यांच्या चेहऱ्यावर खिळवली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. फोन गप्प. का गप्प? अकरा नंबर करून काय झालं? घशात काही अडकलं असेल का? पडली असेल? तिनं पापणीही हलवली नाही. टाळ्या पडल्या तेव्हा गाणं संपल्याचं तिला कळलं.

काका समाधानानं मान हलवत खोडरबर शोधत होते. खुर्चीच्या ओळीवरची रेघ त्यांनी पुसायला घेतली.

तिला खरं तर हेच हवं होतं. पण कॉपी करून पहिला नंबर आल्यासारखं तिचं तोंड कडू झालं.

"थांबा, काका," ती म्हणाली, आणि मग आपण अख्ख्या खोलीसमोर उभ्या आहोत हे तिला दिसलं. "आत्ता मी काहीच ऐकलं नाही. फोन वाजायची वाट बघत होते. ऐकलं ते मघाशी. खाली बघत होते तेव्हा."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. नणंदेनं वळून बघितल्यावर ते हसू तिथेच आटपलं. काका हातातल्या खोडरबराकडे बघत राहिले.

"पन्नास वर्षं," शेवटी ते म्हणाले, "पन्नास वर्षं मी डोळे बघून खोडतोय." मग, कुणालाच उद्देशून नव्हे असं, "खोडलेला एकही कागद आमच्या हिनं टाकू दिला नाही. खोकी भरून ठेवलीत माळ्यावर. मला वाटायचं, कागदाचा सोस आहे हिला."



"म्हणून दाखवा," काका तिला म्हणाले. "मघाशी ऐकली तशी."

तिला गाता येत नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि पिट्टूला म्हणून दाखवावं तसं सरळ बोलून टाकलं, चार पावलांपासून खुर्चीपर्यंत. मान वर केली तेव्हा काकांचे डोळे मिटलेले होते.

त्यांनी रेघ पुसली. पेन्सिल कानामागे न ठेवता खिशात टाकली. मग वाद्यवाल्याकडे वळून म्हणाले, "दिवे घालवा हो. आणि तो पडदाही ओढा."

"दिसणार नाही काही, काका."

"नकोच दिसायला."

दुपारच्या उन्हाची एक पट्टी तेवढी दाराखालून आत येत होती. त्या अंधारात फोन चमकला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. तिनं तो पर्समध्ये टाकून चेन ओढली. हात दोन वेळा पर्सकडे गेला, हे खरं. पण काका गात राहिले, चिरलेल्या आवाजात, कुणाकडेही न बघता, आणि तिसऱ्या वेळी हात मांडीवरच राहिला.

घरी पोचल्या तेव्हा तिन्हीसांज झाली होती. बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता. आपल्या किल्लीनं दार उघडून आत पाऊल टाकलं तर नवरा खुर्चीत मागे रेलून गाढ झोपलेला, छातीवर पिट्टू पालथी, बेडकासारखी पसरलेली. फोन खुर्चीखाली पडला होता. त्याचे दोन्ही हात पिट्टूच्या पाठीवर.

"मोज," नणंद कुजबुजली. "दोनच आहेत." आणि तिनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

रोज पिट्टू झोपली की ती वाकून बघायची, पोट हलतंय का ते. दिवा लावून, कधीकधी बोट नाकाशी धरून. तिनं नणंदेचा हात धरला.

"राहू दे गं. नको लावूस."

आणि दाराशीच डोळे मिटून उभी राहिली. आधी नुसता मोठा श्वास ऐकू आला, घोरण्याच्या उंबरठ्यावरचा. मग बऱ्याच वेळानं, त्याच्या आडून, दुसरा.