आरशाची फिल्म

भूपेंद्रचा संशय कुणा एकावर नसायचा. तो सगळ्यांवर सारखाच असायचा, त्यात पंक्तिप्रपंच नव्हता. दूधवाला पाणी घालतो, काटेवाला वजन मारतो, पाव्हणा उगाच हसत नाही. पण यंदा उन्हाळ्यात हा संशय फिरत फिरत नेमका सख्ख्या धाकट्या भावावर, दीपकवर येऊन बसला, आणि बसला तो उठेचना.

फैजपूरच्या रस्त्यावर दोघांची केळीची वखार. भूपेंद्र ऑफिसात बसून दिल्लीच्या व्यापाऱ्यांशी बोलायचा. दीपक आवारात उभा राहून माल धुवून, भरून ट्रकवर चढवायचा. वडील गेले तरी चूल एक आणि धंदा एक, म्हणून गावात कौतुक होतं. एके दिवशी दीपक एका परक्या व्यापाऱ्याशी हसून बोलताना दिसला आणि भूपेंद्र दिसताच गप्प झाला. बस्स. पोरगा वेगळं निघायच्या बेतात आहे, हे भूपेंद्रने तिथेच ठरवून टाकलं. दीपक गेला तर वखारीचा उजवा हातच गेला, आणि घरही फुटलं. ही भीती खरी होती, पण ती भावाला सांगायची सोडून तो जळगावला गेला.

तिथल्या रोहिदासच्या दुकानात गाड्यांच्या, घरांच्या, शोरूमच्या काचांना फिल्म लावून मिळायची. रोहिदासने तुकडे समोर ठेवले. गाडीला काळी लावली तर पोलीस उतरवतात, ही दुधी बाथरूमला बरी, ही फिकी दुकानाला. शेवटी एक चकचकीत तुकडा. बाहेरून आरसा, आतून सगळं दिसतं.

"कशासाठी पाहिजे, शेठ?" त्याने विचारलं.

एवढं विचारल्यावर भूपेंद्रला रोहिदासचाच संशय आला. याचं कुणी फैजपूरला असलं तर? "ऊन येतं," तो म्हणाला.

"उन्हाला तर हीच एक नंबर," म्हणून रोहिदासने मापं लिहून घेतली. खरं कारण सांगितलं असतं तर त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या असत्या. पण खोट्या प्रश्नाला खरं उत्तर कुठून मिळणार?

ऑफिसच्या आवाराकडच्या काचेला फिल्म लागली आणि भूपेंद्रची दुपार मजेत जाऊ लागली. मजूर काचेसमोर येऊन केस विंचरायचे, मिशा पिळायचे, आतून शेठ बघतोय याचा त्यांना पत्ता नसायचा. दीपकवर तर डोळ्यात तेल घालून नजर. दिवसभर काही सापडत नव्हतं. संध्याकाळी मात्र पाणी मुरायला लागलं.

दिवेलागणीला गादीवर अंधार ठेवायचा नाही, लक्ष्मी मागे फिरते, हा वडिलांचा नियम भूपेंद्र पाळायचा. तो ट्यूब लावायचा. काचेत मग त्याचंच तोंड दिसे, म्हणून तो दोन्ही हातांचा आडोसा करून नाक काचेला लावायचा. तेव्हा आवारातल्या अंधारात अंधुक काहीबाही दिसे. मुकादम पुना ऑफिसकडे बघून हात जोडायचा, बाकीचे मजूर तोंड फिरवायचे, आणि लगेच दीपक फोन कानाला लावून ट्रकमागे जायचा. रोज! भूपेंद्रला कोडं सुटलं. पुनाचा नमस्कार हा इशारा होता. मुकादमसुद्धा फितलेला.

एका संध्याकाळी भूपेंद्रला धीर धरवेना. ट्यूब तशीच ठेवून तो मागच्या दाराने निघाला आणि अंधारातून वळसा घालून ट्रकमागे उभा राहिला. दीपकने फोन ठेवला आणि वळला, तर समोर भाऊ.

"कोणाशी बोलत व्हता?"

"मेघाशी."

"सोताच्या बायकोशी बोलाले ट्रकमागे यावं लागते?"

दीपकने त्याला दंडाला धरून पुढे आणलं आणि ऑफिसकडे बोट दाखवलं. भूपेंद्रने पाहिलं. कुठला आरसा नि कुठलं काय! त्याची खुर्ची दिसत होती, अर्धा चहा दिसत होता, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोच्या हारातली फुलंसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसत होती.

"दिवा लागला का तू असा दिसतो, दादा. काचेले नाक लावून. पुना दिव्याले हात जोडतो, आन् बाकीचे तुले पाहून हसता. मले ते पाहावत नाही, म्हणून मी इकडे येतो."

भूपेंद्रची कानशिलं तापली. "मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू म्हटलं असतं, तू माह्याकडे कशाले पाहत व्हता?"

भूपेंद्र अगदी हेच म्हणाला असता.

"त्या दिवशी तो व्यापारी मले भागीदारीचं विचारे. मी हसून नाही म्हटलं. तुले सांगितलं असतं तं तुह्या डोक्यात भलतंच शिरलं असतं," दीपक म्हणाला. "पण मजुरांच्या बायकांकडून मेघाले हे कयलं. ती म्हणे, सख्खा जेठ पाहारा देतो तिथं राहायचं नाही, वेगळं निघू. घरात सगळे आयकता, म्हणून मी रोज इथून तिले समजावत व्हतो, दादा मनानं तसा नाही म्हणून."

"मंग समजाव ना! मी आत्ता खरडून काढतो ती फिल्म. तुह्यासमोर."

दीपकने फोन खिशात टाकला. पुना गाडी भरल्याची हाक मारत होता.

"आज समजावत नव्हतो, दादा," तो म्हणाला. "आज तिले हो म्हटलं."