वन्संच्या साक्षीनं पायी नाशिक

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या माघी पौर्णिमेची. रविवार होता, थंडी नुकती सरत होती, आणि जेलरोडच्या मालनबाई सत्तरी ओलांडल्यावर एका परीक्षेला बसल्या होत्या. अभ्यास त्यांनी काडीचा केला नव्हता. लबाडीची तयारी मात्र पक्की होती.

परीक्षेचं कारण असं. आदल्या श्रावणात मालनबाई मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांच्या मुलाचा, प्रफुल्लचा, धीर मोडला. तो सातपूरला कारखान्यात सुपरवायझर. पाथर्डी फाट्याजवळ त्यानं सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि आईसाठी एक खोली रंगवूनही ठेवली होती. जेलरोडचं घर बंद करायचं आणि आईनं वर यायचं, असा त्याचा बेत.

मालनबाईंना तो फ्लॅट आवडत नव्हता असं नाही. पाणी चोवीस तास होतं, सून राखी स्वभावानं बरी होती. पण जेलरोडच्या घराला उंबरठा होता. त्यावर बसलं की रस्त्यानं जाणारं माणूस दिसायचं, आणि दिसलं की त्याला थांबवून दोन गोष्टी विचारता यायच्या. सातव्या मजल्याच्या खिडकीतून फक्त घारी जाताना दिसत. घारीला काय विचारायचं?

संक्रांतीला तिळगूळ खाता खाता विषय पुन्हा निघाला आणि मालनबाईंचा पारा चढला.

"मी अख्खं नाशिक पायी फिरून दाखवते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. रिक्षा नाही, बस नाही. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद."

"आणि नाही जमलं तर?" प्रफुल्लनं विचारलं.

"तर येते तुझ्या घारींच्या शेजारी."

प्रफुल्ल आईला चांगलं ओळखून होता. तो म्हणाला, "चालेल. पण सोबत बायडाआत्या येईल. ती सांगेल ते खरं."

इथं मालनबाईंच्या घशात तिळगूळ अडकला. बायडाबाई म्हणजे त्यांची नणंद, त्यांच्या नवऱ्याची, सावळीरामांची, धाकटी बहीण. सावळीरामांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण बहीण आपली ठणठणीत होती, आणि ती खोटं बोलत नसे. कधीच नाही. पंचशील लोक विहारात म्हणतात आणि चपला घालताना तिथंच ठेवून येतात. बायडाबाई ते घरी घेऊन यायच्या. स्वतःच्या शेखरसाठी मुलगी बघायला गेल्या, तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा कसा आहे? बायडाबाई म्हणाल्या, आळशी आहे आणि घोरतो. सगळी बैठक गार पडली. मुलगी, मीना, आतून म्हणाली की या घरात निदान एक माणूस खरं बोलतंय, मी करते लग्न.

असा साक्षीदार. त्याला वश करता येणार नव्हतं. मग मालनबाईंनी डोकं चालवलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. दिवस मात्र मी ठरवणार. माघी पौर्णिमा."

त्यातली मेख अशी होती. दर पौर्णिमेला बायडाबाई अष्टशील पाळत. पांढरी साडी नेसायची आणि दुपारी बारानंतर अन्नाचा कण घ्यायचा नाही. मालनबाईंचा हिशोब सोपा होता. बाराच्या आत हिला जेवू द्यायचं नाही. उपाशी बाई उन्हात किती चालेल? तिसऱ्या प्रहरी स्वतःच रिक्षाला हात करील. आणि साक्षीदारच रिक्षात बसला, तर मग परीक्षा कसली?

प्रफुल्लनं सकाळी दोघींना शालिमारला सोडलं. "संध्याकाळी सहाला अशोकस्तंभावर येतो," म्हणाला. "आई, जमत नसेल तर फोन कर. हट्ट करू नको."

"तू गाडी नीट चालव," मालनबाई म्हणाल्या.

मेनरोडला दुकानांची शटरं वर जात होती. मालनबाईंना एकेका दुकानाच्या जागी दोन-दोन दुकानं दिसत होती, एक आजचं आणि एक पूर्वीचं. इथं बांगडीवाला बसायचा. तिथं तो शिंपी, ज्यानं लग्नानंतरचं पहिलं पोलकं इतकं घट्ट शिवलं की सावळीराम म्हणाले, श्वास घ्यायचा असेल तेव्हा सांग, मी धरतो. नवीन लग्न झालेलं असताना दोघं नाशिकरोडहून बसनं यायचे आणि दिवसभर काही विकत न घेता फिरायचे. तेव्हा पाय दुखतात हे माहीतच नव्हतं.

एका मोठ्या कापडदुकानाच्या दारात गणवेशातला पहारेकरी उभा होता. मालनबाई त्याच्यासमोर थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले. तो गोंधळला. सावळीराम गेल्यावर मालनबाई त्यांच्या जागी नोटांच्या प्रेसमध्ये लागल्या होत्या. तिथं सुट्टी झाली की रोज फाटकावर झडती व्हायची. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी दारात गणवेश दिसला की हात आपोआप वर जायचे.

"घ्या हो झडती," बायडाबाई पहारेकऱ्याला म्हणाल्या. "त्याशिवाय ती आत जायची नाही. प्रेस सुटली, पण सवय सुटली नाही."

त्या दुकानात मालनबाईंनी साड्यांचा ढीग उपसायला लावला आणि एकही घेतली नाही. मग भांडीबाजारात एका तांब्याच्या घंगाळाचा भाव केला. घंगाळ त्यांना नको होतं, वेळ काढायचा होता. तेवढ्यात देव पावला म्हणावं तशी लंकाबाई भेटली. ही त्यांची प्रेसमधली मैत्रीण, बोलायला लागली की दम घ्यायला थांबत नाही अशी. मालनबाईंनी तिला मुद्दाम तिच्या जावयाबद्दल विचारलं. तो विषय लंकाबाईला पुरून उरणारा होता.

बायडाबाई बाजूला शांत उभ्या होत्या. लंकाबाई गेल्यावर म्हणाल्या, "वहिनी, तुला तिचा जावई एवढा कधीपासून आवडायला लागला?"

"माणुसकी म्हणून विचारलं."

"बरं," बायडाबाई म्हणाल्या.

मिसळीच्या दुकानापाशी पोचल्या तेव्हा रांग पार फुटपाथवर आली होती. रविवारी मिसळ खायला सगळं नाशिक उठतं. मालनबाईंनी मागून आलेल्या एका लेकुरवाळीला पुढे जाऊ दिलं, मग एका म्हाताऱ्याला, मग कॉलेजच्या चार पोरांना. "जा बाबांनो, तुम्हाला भूक लागली असेल," असं त्या इतक्या मायेनं म्हणाल्या की पोरांनी वाकून नमस्कार केला. टेबलावर दोन ताटल्या आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

बायडाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, हात मांडीवर ठेवले आणि आपली ताटली वहिनीकडे सरकवली.

"अगं बाई, बारा वाजले का," मालनबाई म्हणाल्या. "लक्षातच राहिलं नाही बघ माझ्या."

"हे खोटं," बायडाबाई म्हणाल्या. "पण खा तू. गार होईल."

आता समोर कोणी उपाशी बसलेलं असताना खाणं अवघड असतं. मालनबाईंनी ते केलं. आधी एक ताटली, मग दुसरी, कारण अन्न वाया घालवू नये. वर तर्री मागून घेतली. बायडाबाई पाणी पीत, वहिनीकडे सिनेमा बघावा तशा बघत होत्या.

पण पोटाचं गणित मालनबाईंनी मांडलंच नव्हतं. दुकानातून बाहेर पडल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात दोन ताटल्या तर्री होती आणि पापण्या मिटायला लागल्या होत्या. बायडाबाई मात्र रिकाम्या पोटी हरणासारख्या पुढे. होळकर पुलावर त्या थांबून मागे बघायच्या आणि मालनबाई जवळ आल्या की पुन्हा निघायच्या. रामकुंडावर पौर्णिमेची गर्दी उसळली होती. पंचवटीचा चढ लागला तशी मालनबाईंच्या छातीत जळजळ सुरू झाली आणि डावा गुडघा बोलायला लागला.

"दमलीस का, वन्सं?" त्यांनी आशेनं विचारलं. मनात कपट असलं की त्या बायडाला वन्सं म्हणत.

"नाही. तू?"

"मी कशाला दमेन. तुझी काळजी वाटली."

समोरून एक रिक्षा अगदी हळू गेली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं नाही. निदान पाहिलं नाही असं दाखवलं.

काळारामाच्या दरवाजापाशी बायडाबाई थांबल्या. आत जायचं नव्हतं. इथं आलं की त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या राहत. एकोणीसशे तीस सालच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात त्यांचे आजोबा या दाराबाहेर उभे होते, ही गोष्ट दोघींनी घरात शंभरदा ऐकलेली. मालनबाईही उभ्या राहिल्या. गुडघ्याला तेवढाच आराम.

"आजा सिन्नरहून चालत आला होता," बायडाबाई म्हणाल्या. "पायात वहाण नव्हती. आला, मार खाल्ला आणि चालत परत गेला."

"त्यानं मिसळ खाल्ली नव्हती," मालनबाई म्हणाल्या.

बायडाबाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

उतारानं घाटावर आल्या. मालनबाई म्हणाल्या, "जरा नदी बघू," आणि पायरीवर बसल्या. बसणं सोपं गेलं. थोड्या वेळानं उठू पाहिलं, तर गुडघा जागचा हलेना. पुन्हा पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून होता.

"चल," बायडाबाई म्हणाल्या.

"नदी बघतेय."

"मघाशी बघितलेलं पाणी एव्हाना एकलहऱ्याकडे निघालं असेल. चल."

मालनबाईंना एकदम उंबरठा दिसला, त्याला लागलेलं कुलूप दिसलं, आणि मग घारी. डोळ्यात पाणी आलं, ते त्यांनी तर्रीच्या नावावर खपवलं. शेवटी म्हणाल्या, "बायडा, उठता येत नाही गं. प्रफुल्लला सांगू नको. एवढं एक खोटं बोल. उद्या विहारात जाऊन पुन्हा शील घे."

"नाही जमायचं."

"उपाशी ठेवलं म्हणून राग आला असेल तुला."

बायडाबाई वहिनीच्या शेजारी पायरीवर बसल्या. "मी कुठं उपाशी आहे? तू पौर्णिमा म्हणालीस तेव्हाच कळलं मला. पहाटे उठून पिठलं-भाकरी खाल्ली, वर दूधभात. दुपारपर्यंत ढेकर येत होते."

मालनबाई नणंदेकडे बघतच राहिल्या. "मग मिसळीपुढे तोंड पाडून का बसली होतीस?"

"मी कुठं पाडलं? तुला तसं दिसलं. भूक लागली का म्हणून विचारलं असतंस, तर सांगितलं असतं. सकाळपासून सगळ्यांच्या जावयाची चौकशी केलीस, माझ्या भुकेची नाही केलीस."

मालनबाईंना आधी राग आला आणि मग हसू आलं. त्या हसण्यानं पोट हललं, पोट हलल्यानं ढेकर आला आणि बरं वाटलं. बायडाबाईंनी वहिनीच्या काखेत हात घातला. "एक, दोन," म्हणाल्या आणि तीनची वाट न बघता उचललं. गुडघा चरकला, पण उभा राहिला. गाडगे महाराज पूल, रविवार कारंजा, मग अशोकस्तंभ. दोघी वाटेत दर दुकानाच्या पायरीवर टेकत, एकमेकींना नावं ठेवत गेल्या. तीन रिक्षावाल्यांनी विचारलं. तिघांनाही बायडाबाईंनीच नाही म्हटलं.

पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. प्रफुल्ल गाडीला टेकून उभा होता, सोबत राखीही आलेली. आईची साडी चुरगळलेली, चाल वाकडी.

"आत्या, सांग," तो म्हणाला.

"वाहनात पाय ठेवला नाही," बायडाबाई म्हणाल्या. "दिवसभर चालली."

मालनबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत बायडाबाई पुढे म्हणाल्या, "मला उपाशी ठेवायला दोन ताटल्या मिसळ खाल्ली. मग घाटावर बसली ती उठेना. तिथून इथवर माझ्या खांद्यावर आली. एकटी असती तर अजून तिथंच असती."

"म्हणजे एकटी राहू शकत नाही," प्रफुल्ल म्हणाला.

"नाही राहू शकत."

पन्नास वर्षांच्या ओळखीत नणंदेनं असा घाव घातला नव्हता.

"दुकटी राहू शकते," बायडाबाई म्हणाल्या. "मी येते जेलरोडला. शेखर आणि मीना दिवसभर कामावर असतात. मला टीव्हीशी बोलायचा कंटाळा आलाय. त्यातली माणसं उत्तर देत नाहीत."

राखीनं नवऱ्याकडे पाहिलं. प्रफुल्लनं आईकडे पाहिलं. आणि आईच्या डोळ्यांपुढे आता दोन संकटं उभी होती. एकीकडे सातवा मजला आणि घारी. दुसरीकडे रोज पहाटे चारला उठणारी, भाजीत मीठ जास्त झालं तर जास्त झालं म्हणणारी बाई, मरेपर्यंत.

"पहाटे मोठ्यानं वंदना म्हणायची नाही," मालनबाई म्हणाल्या.

"मनात म्हणेन."

"माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत."

"ते स्वयंपाकावर आहे."

मालनबाईंनी थोडा विचार केला आणि गाडीचं मागचं दार उघडून आधी नणंदेला आत बसवलं.

त्यानंतर पुढे असं झालं. प्रफुल्लनं मोरीत दांडी बसवली आणि खडबडीत फरशी घातली. आईसाठी रंगवलेल्या खोलीत राखीनं मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या, आता तिथं संध्याकाळी इतका दंगा असतो की घारी फिरकत नाहीत. शेखर आणि मीना दर रविवारी जेवायला येतात. मीना सासूजवळ नवऱ्याची तक्रार करते आणि सासू ती खरी असल्याचं सांगते. लंकाबाईच्या जावयाची बदली नागपूरला झाली, आणि तेव्हापासून तिच्याकडे बोलायला विषय नाही, म्हणून ती बरेचदा जेलरोडला येऊन ऐकत बसते. बायडाबाई पहाटे चारला उठतात, वंदना मनात म्हणतात आणि भांडी मात्र मोठ्यानं घासतात. मालनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन चोवीस साली झालं. आता त्या काठी घेऊन बिटको चौकापर्यंत चालत जातात, भाजी घेतात, ओळखीचं कोणी भेटलं तर तासभर उभ्या राहतात आणि येताना रिक्षा करतात.