विहिणींची फुगडी

धुरपताबाई बंडीत मागच्या बाजूला बसल्या की जू वर उचललं जाई आणि बैल माना ताठ करून उभे राहत. बोरगावच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. सगळ्यांत मोठ्यानं हसत त्या धुरपताबाईच.

साठीला आलेल्या या बाईला आपल्या अंगाची लाज कधी वाटली नव्हती. कोणी टोकलंच तर म्हणायच्या, “हे आंग का मी शेजारणीचं मागून आणलं? याच अंगानं लेकरं जलमली, यानंच कापूस येचला. आता त्याले नावं ठेवू?” वावरात अजून रोज पायी जात. घरी बसून राहिलं की गुडघे धरतात, म्हणून दळण-पाखडण सुनांच्या हातून ओढून घेत.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात धाकट्या वासुदेवाचं लग्न अल्लीपूरला ठरलं. वरात निघायच्या सकाळी थोरला प्रभाकर आईजवळ येऊन बसला. तो वर्ध्याला कारकून होता. आईवर त्याचा फार जीव, पण आज बोलताना त्याची नजर जमिनीवर होती.

“माय, तिथं फुगडी-बिगडी खेळू नको.”

“काऊन?”

“दम लागते तुले.”

दम लागायचा हे खरंच होतं. पण प्रभाकरच्या लग्नात त्या फुगडी खेळल्या तेव्हा त्याचे दोन मित्र एकमेकांना कोपरानं ढोसून हसले होते, आणि त्याची मान खाली गेली होती. तेही धुरपताबाईंनी पाहिलं होतं. त्यांच्या मनाला लागलं, पण लेकाचा राग काही आला नाही.

“बरं बाप्पा,” त्या म्हणाल्या. “बसून राहीन.”

आणि खरोखरच बसून राहिल्या. लग्न लागलं, पंगती उठल्या, तरी त्या मांडवातल्या सतरंजीवरून हलल्या नाहीत. बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली. नव्या सुनेची, नलूची आई आनंदाबाई, बारीक चणीची, गोऱ्या तोंडाची बाई. वरात आल्यापासून ती चालताना दिसलीच नव्हती. जेव्हा पाहावं तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी, एक हात चौकटीला लावून उभी.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि बाया अंगणात जमल्या. नलूची काकू कोकिळा, मोठी हसरी बाई, टाळ्या वाजवत पुढं आली. “चला, आता इहिनींची फुगडी! त्याबिगर पोरगी धाडत नाई आम्ही.”

“मले नाई जमत बाई आता,” धुरपताबाई म्हणाल्या.

“मंग आमची आनंदा एकटीच घेते का गिरकी?” कोणीतरी म्हणालं, आणि मागं दोघीतिघी फिसकन हसल्या. कोकिळेचं हसू तिथंच विरलं. आनंदाबाईंनी चौकट आणखी घट्ट धरली.

“माया डावा पाय आखूड हाय, इहीनबाई,” त्या हळूच म्हणाल्या. “लहानपणी ताप आलता, तवापासून. पोरी घेतच नोहत्या मले. म्हणत, तू बी पडशीन अन् आमाले बी पाडशीन. कधी खेळलीच नाई मी.”

धुरपताबाई उठल्या. कासोटा खोचला, पदर कमरेला बांधला आणि थेट दाराशी जाऊन दोन्ही हात पुढं केले.

“नोका ना,” आनंदाबाई म्हणाल्या.

“मी पडली तर भुई हादरन. तुमच्याकडं कोण पाह्यते?”

पहिल्या खेपेला दोघी भेलकांडल्या. नलू “अव माय!” करून ओरडली. धुरपताबाईंनी विहिणीला सावरलं आणि तिच्या पायांकडं पाहिलं.

“माया पायावर पाय ठेवा तो. ठेवा, लाजू नोका. जाड हाय माया पाय, त्याले काई होत नाई.”

आखूड पाय त्या रुंद पावलावर टेकला आणि उणीव भरून निघाली. हातांची कात्री झाली. धुरपताबाईंनी आपलं सगळं वजन मागं टाकलं, खुंटीसारखं पक्कं, आणि बारीकशी विहीण त्यांच्याभोवती तरंगू लागली. आधी हळू, मग जोरात. फूऽ फूऽ करत बाया टाळ्या देऊ लागल्या. आनंदाबाईंचा पदर डोक्यावरून घसरला, अंबाडा सुटला, आणि त्या हसल्या. खदखदून, तोंड उघडं टाकून. आपली आई अशी हसते हे नलूला आजवर ठाऊकच नव्हतं.

मग धुरपताबाईंचा दम संपला. त्या मटकन खाली बसल्या. कपाळ घामानं निथळत होतं, तोंडातून शब्द निघेना. पुरुषांच्या मांडवातून प्रभाकर धावत आला आणि डोक्यावरची टोपी काढून वारा घालू लागला.

“सांगतलं होतं ना मी तुले?”

“सांगतलं होतं. आयकलं बी होतं.”

“मंग?”

“मंग काई नाई. थांब जरा, दम घेऊ दे. अजून एक गिरकी घेतो.”

प्रभाकर रागावणारच होता. तेवढ्यात समोरून आनंदाबाई आल्या. हातात गूळ-पाण्याचा लोटा, भरलेलं अंगण ओलांडून, डुलत डुलत, कशाचाही आधार न घेता. तो पाहत राहिला. मग लोटा त्यानं आपल्या हातात घेतला आणि आईच्या ओठांना लावला. “एकच,” तो म्हणाला. “मी इथंच उभा राह्यतो.”

दिवस कलताना नलूला घेऊन बंड्या निघाल्या. आनंदाबाई लेकीमागं चालत राहिल्या, गावादेखत. धुरपताबाईंनी बंडी थांबवली आणि त्याही खाली उतरल्या.

“पोळ्याले येजा बोरगावले.”

“इतक्या दूर? या चालीनं?”

“चालीले काय झालं? हळू हाय. माई चाल बी हळूच हाय.”

“माय, चढतं का आता?” प्रभाकरनं विचारलं.

“नाल्यापर्यंत चालतो रे.”

त्यानं बंडीतून उडी मारली आणि आईच्या अंगाला अंग लावून चालू लागला. आनंदाबाई मात्र अजून पोळ्याचाच विचार करत होत्या. “हळदीचं लोणचं आणीन येताना,” त्या म्हणाल्या. “वासुदेवरावाले चालते ना?”