शंखजलातल्या गाठी

अमेरिकेत, नेपरव्हिलला यामिनीमावशींच्या बेसमेंटमध्ये त्या शनिवारी एकेचाळीस माणसं होती. टेबलावर बारा ग्लास, बारा स्ट्रॉ आणि शंखजलाचा एक जग. मागे पॉटलकचे, म्हणजे ज्यानं त्यानं घरून आणलेल्या जेवणाचे, सात ट्रे. माणसांत इंजिनिअर एकोणीस, डॉक्टर तीन.

शंखयोगी महाराजांनी बाळकाकांपुढे नितळ शंखजलाचा ग्लास ठेवला.

"दोन महिने माझं शंखभस्म घेतलंत ना? आता फुंका!"

काकांनी स्ट्रॉमधून फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"अरे बापरे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"या तुमच्या आतड्यातल्या गाठी. पॉलिप्स! श्वासावाटे बाहेर पडतायत. मंत्र चालू आहे तोवर फुंकत राहा."

मंत्र बराच लांबला. काका लालबुंद होईपर्यंत फुंकत राहिले. पांढरेपणा फिका होत गेला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. टाळ्यांचा कडकडाट.

"विरघळल्या! शंखातलं कॅल्शियम, हाय फ्रिक्वेन्सी! आता नळ्या घालून घ्यायची गरज नाही."

"मग गुरुवारची कोलोनोस्कोपी कॅन्सल करतो," काका म्हणाले.

माझ्या शेजारी बसलेल्या काकांच्या बायकोनं, सुमेधाकाकूंनी, माझा हात घट्ट धरला. तीन वर्षांपूर्वी काकांच्या आतड्यातून पॉलिप काढला होता. असे काही पॉलिप तसेच राहिले तर पुढे कॅन्सर होतो. काकांचे वडील त्यानंच गेले होते.

"ऋता, तू केमिस्ट्री शिकलीस ना? बोल की काहीतरी!"

मी उठले आणि पॉटलकच्या टेबलावरून साध्या सोड्याची बाटली उचलली.

"महाराज, हिच्याही गाठी काढू?"

"पोरी, इथे श्रद्धा लागते."

"बाटलीची आहे."

नव्या ग्लासात शंखजल घेऊन मी त्यात थोडा सोडा ओतला. दूध! आणखी बराच ओतला, ढवळलं. नितळ!

"आता सांगा, बाटलीला आतडं कुठे असतं?"

हशा पिकला.

"हिची एनर्जी निगेटिव्ह आहे!" महाराज गरजले.

"आणि तरी पाणी नितळ झालं. म्हणजे मंत्राची गरजच नव्हती. काका, शाळेच्या प्रयोगशाळेत नळीतून कशात फुंकायचात?"

केमिकल इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले बाळकाका ग्लासवर वाकले.

"च्यायला, चुन्याची निवळी! शंख भाजला की चुनाच होतो. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं त्यात खडू तयार होतो, तेच ते दूध. गॅस जास्त झाला की खडू परत विरघळतो. हा हाय फ्रिक्वेन्सी म्हणाला आणि मी शाळा विसरलो!"

"पण कॅल्शियमनं पॉलिप कमी होतात, असं मी वाचलंय," यामिनीमावशी म्हणाल्या.

"नवे होण्याचा धोका थोडा कमी होत असावा, असं काही अभ्यास सांगतात मावशी," मी म्हणाले. " काहींत तसं आढळलं नाही. दूध, दही, नाचणी जरूर खा. पण झालेला पॉलिप भस्मानं विरघळत नाही, तो आत बघूनच काढावा लागतो. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तोच प्रयोग स्वतः करून बघा."

"हा धर्माचा अपमान—"

"गप बसा हो!" काका उभे राहिले. "माझ्या जिवाशी खेळत होतात तुम्ही."

गुरुवारी काकूंनी ड्राइव्ह केलं. कोलोनोस्कोपीत दोन पॉलिप सापडले. एक चार मिलिमीटरचा, दुसरा तेरा, म्हणजे दहाच्या वरचा, जास्त धोक्याचा. दोन्ही तिथेच काढले.