वगळलेला रकाना

सभेपूर्वी संभाजीरावांनी सभासदांच्या नावांचा रकाना काळजीपूर्वक वगळला. पडद्यावर केवळ पासवर्ड दिसतील, ते कोणाचे हे कोणास कळणार नाही, अशी त्यांची व्यवस्था होती.

वालचंदनगरला यंत्रांचे आराखडे काढण्यात नोकरी संपवून ते निरवांगीच्या भाजीपाला गटाचे सल्लागार झाले होते. बारामतीच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत सभासद आपल्या मालाची जागा मोबाईलवर नोंदवत. त्यांचे पासवर्ड फार कच्च्या पद्धतीने साठवले आहेत, हे संभाजीरावांनी वारंवार सांगितले. पण आमच्या वांग्यांवर कोण दरोडा घालणार, म्हणून अध्यक्ष दत्तोबांनी विषय हसण्यावारी नेला. तेव्हा संभाजीरावांनी प्रात्यक्षिकच दाखवायचे ठरवले.

संगणक पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचे गणिती रूप ठेवतो, त्याला हॅश म्हणतात, असे त्यांनी सभेला समजावले. हॅशवरून उलट गणित करून मूळ शब्द काढता येत नाही. मात्र कोणीतरी कोट्यवधी शब्दांचे हॅश आधीच काढून तक्ता करून ठेवला आहे. तंत्रनिकेतनात आम्ही तरी लॉगॅरिदम कुठे काढत बसत होतो? लॉग टेबल उघडून पाहत होतो.

मग ते एकेक हॅश तक्त्यात शोधू लागले. शेजारी शब्द उमटू लागले. 'गणपती१२३'ला हशा झाला. 'आयलव्हनिकिता' निघाले, तेव्हा दीपकच्या पाठीत थापा पडल्या. संभाजीरावांना तिथेच थांबता आले असते. परंतु सभा प्रथमच त्यांच्याकडे लक्ष देत होती.

पुढचा शब्द आला : 'धनीभिमा'.

सभेत बसलेल्या द्वारकाबाईंचा नवरा भिमा कऱ्हाटीला दुसरा संसार थाटून राहिला होता. तो मला मेला, असे बाईंनी गावासमोर सांगितले होते, आणि त्यानंतर रान एकटीने कसले होते.

"हळदीकुंकवाला नाव घ्या म्हणलं तर काकूंनी कदी घेतलं न्हाय," सिद्धू म्हणाला. "हितं बरं घेतलं."

बायकांत कोणीतरी फिसकन हसले. द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीराव त्यांच्या रानात गेले. चूक, तिचे कारण आणि तिच्यावरचा उपाय, अशा क्रमाने त्यांनी बोलणे योजले होते. त्यांनी चुकीपासून सुरुवात केली. बाई वांगी तोडत राहिल्या.

"तात्या, तुमी नावं झाकली हुती म्हणं."

"होय."

"गावात भिमाची बायकू एकच हाय. एवढं तुमच्या कालिजात शिकवलं न्हाय व्हय?"

संभाजीरावांचा हात खिशाकडे गेला.

"लोकांचं जाऊ द्या. पर आता त्येच्या कानावर जाईल. इतकी वर्सं म्या त्येला कळू दिलं न्हवतं."

यावर उपाय कोणत्याच तक्त्यात नव्हता. बाईंसाठी नवीन पासवर्ड लिहिलेला कागद खिशात होता. कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही अशी, एकमेकांशी संबंध नसलेल्या अक्षरांची माळ. दुसरे काहीच जवळ नसल्याने त्यांनी तो कागद पुढे केला. पुढे करताना स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

बाईंनी हात पुसून कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"ह्यात कुनाचं नाव न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग माझ्या काय ध्यानात ऱ्हायचं," असे म्हणून त्यांनी कागद परत दिला आणि त्या पुढच्या सरीत वळल्या.