सोयऱ्याचं यंत्र

"दिसली का भेग?" महादेवप्पांनी दारातूनच विचारलं.

मी कारखान्यातली तपासनीस, अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली वाकले होते. हातात विमानाच्या दाराच्या बिजागरीचा तुकडा. काम देणाऱ्या कंपनीने मुद्दाम भेग पडलेलाच पाठवला होता. ही भेग दाखवील तेच यंत्र घ्या म्हणून. तुकडा रंगात बुडवायचा, धुवायचा, दिव्याखाली धरायचा. भेगेत अडकलेला रंग हिरवा चमकतो. दुसरं यंत्र विकणाऱ्या बंगळूरवाल्याकडे जाऊन पाहिलं, तेव्हा चमकला होता. इथे मात्र काहीच नाही. नेमकं हेच मला नको होतं.

कारण हे यंत्र आणणारे उदगीरचे सिद्धलिंगप्पा माझे होणारे व्याही. माझ्या लेकीचा, शिवलीलेचा, त्यांच्या मुलाशी साखरपुडा झालेला, लग्न तोंडावर आलेलं. कारखान्याचे मालक महादेवप्पा, पण "तुमचंच माणूस हाय, तुम्हीच ठरवा" म्हणून ते नामानिराळे! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

"इहीणबाई, दोष पाण्याचा हाय," सिद्धलिंगप्पा हसत म्हणाले. "तुमचं टँकरचं पाणी लई खारं. यंत्र काय करील?"

खरं असेल, मी मनाशी म्हटलं. देवा, खरंच असू दे. त्या दुष्काळात लातूरला पाणी रेल्वेने येत होतं, कारखान्याला मिळे ते कुठल्या तरी बोअरचं. मी रिक्षा करून घरी गेले आणि प्यायच्या पाण्याची घागर उचलली.

"आई, प्यायचं पाणी न्यायलीस?" शिवलीला ओरडली. होणाऱ्या सासऱ्याला ती आतापासूनच मामा म्हणायची. "मामा जेवायला यायलेत, त्यांना काय देऊ?"

"शेजारून तांब्याभर घे."

तुकडा स्वच्छ करून पुन्हा रंगात बुडवला. ते गोड पाणी यंत्रात ओतताना जीव तुटत होता. धुतला. दिव्याखाली धरला.

काहीच नाही.

सिद्धलिंगप्पा माझ्या कानाशी आले. "दिसली म्हना. मालक आत येत न्हाईत. पुढं मी दुरुस्त करून देतो की. पोरीच्या सुखाचा इचार करा."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? हो म्हणायला तोंडही उघडलं. पण हातातला तुकडा दाराचा होता. त्या दारामागे कुणाची तरी लेक बसणार. बोट फिरवलं तर भेग नखाला लागत होती, आणि दिवा म्हणत होता काही नाही.

मी बाहेर आले. "मालक, बंगळूरवाल्याचं घ्या. ह्याच्यात भेग दिसत न्हाई."

सिद्धलिंगप्पांनी रुमालाने तोंड पुसलं, चप्पल घातली. "येतो, मॅडम," म्हणाले. इहीणबाई नाही, मॅडम. सोयरीक मोडली, हे त्या एका शब्दात कळलं.

घरी पुरणाचा वास दारापर्यंत येत होता. शिवलीला पोळपाट मांडून बसलेली.

"मामा मागून येतेत का?"

"न्हाई यायचे."

तिने लाटणं खाली ठेवलं. कारखान्याची खबर गावभर व्हायला वेळ लागत नाही, पण तिला ती माझ्या तोंडावरूनच कळली असावी.

"यंत्र खोटं होतं?"

"हाव."

"मग आज न्हाई तर उद्या मलाबी खोटंच बोलले असते," ती म्हणाली आणि गोळा हातात घेतला. "हात पुसून ये. गरम हाय तोवर खा."

मी मोरीत गेले. रडू फुटलं, पण तोंडावर पाणी मारायला घरात पाणी नव्हतं. पदराने डोळे पुसले आणि जेवायला बसले.