साहेबांच्या हातचा हार

आमच्या वस्तीची सुरक्षा समिती आजवर चौकीतले साहेब ठरवायचे. म्हणजे पोलिसांवर लक्ष कुणी ठेवायचं, ते पोलीसच सांगणार. यंदा आम्ही भांडलो आणि समाजमंदिरासमोर हात वर करून समिती निवडली. सगळ्यात जास्त हात माझ्या नावाला वर झाले. मी कौसर. ब्लाउज शिवते, तोंड बंद ठेवत नाही, म्हणून असेल.

समितीनं पहिलं काम केलं ते चौकात कॅमेरा बसवून घ्यायचं. पडदा चौकीत, पण समितीला हवं तेव्हा बघता येईल, असं साहेबांनी माइकवर कबूल केलं. उद्घाटनाला झुंबरअण्णा, वयानं मोठे म्हणून समितीचे अध्यक्ष, प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार घेऊन आले. खरा सुकतो, हा टिकतो, असं त्यांचं म्हणणं. साहेब शिडीवर चढले, कॅमेऱ्याला हार घातला, फोटो झाले, पेढे झाले.

पुढच्याच आठवड्यात त्या चौकात एका हवालदारानं माझ्या नवऱ्याच्या कानाखाली ओढली. सरफराज अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना रिक्षानं सोडतो. रिक्षा बाजूला घ्यायला उशीर झाला, एवढाच गुन्हा. डाव्या कानानं आता ऐकू येत नाही. वर केस त्याच्यावरच, हवालदाराच्या अंगावर धावून गेला म्हणून. केस शाबीत झाली तर रिक्षा चालवायचा बॅज जाणार.

"मैंने हाथ भी नहीं उठाया," सरफराज म्हणाला. "वर कॅमेरा होता ना. म्हटलं, आपल्या बायकोनं बसवलेला आहे, बघतोय सगळं."

समिती चौकीत गेली. शिपायानं त्या दिवसाचं चित्रण लावलं. पडद्यावर नुसतं केशरी. मला वाटलं, मशीन बिघडलं. मग त्या केशरीत पाकळ्या दिसल्या. हार वाऱ्यानं सरकून काचेवर आला होता.

"रोज हेच दिसतंय?" मी विचारलं.

"हो ताई. आम्हाला वाटलं, सेटिंग आहे."

"मग हार काढला का नाही?"

"साहेबांच्या हातचा हार, कौसर," झुंबरअण्णाच मधे बोलले. "तो आपण कसा काढायचा?"

मी म्हटलं, ठराव घ्या, वरच्या साहेबांकडे पाठवू.

"काय लिहू? झेंडू दिसला?" अण्णांनी विचारलं. ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. समितीतल्या मंगलाबाईंनी ठरावासाठी हात वर केला, इकडंतिकडं बघितलं, आणि त्याच हातानं पदर सारखा केला. ह्याच बाईनं निवडणुकीत माझ्या नावाला हात वर केला होता.

चिडायचं तरी कुणावर? साहेबांनी मान दिला. अण्णांनी टिकाऊ हार आणला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. कॅमेरा बघतोय म्हणून सरफराजनं हात आवरला. मग हवालदारानं का नाही आवरला? डोळा झाकलाय हे त्याला माहीत होतं, की उघड्या डोळ्याचीही त्याला फिकीर नाही?

मी तशीच उठले, मंडपवाल्याची शिडी आणली आणि चौकात खांबाला लावली. अर्ध्यावर गेले तर शिडी हलली. कुणीतरी खालून धरली. बघते तर तोच हवालदार.

"सावकाश ताई, पडाल," तो म्हणाला. अगदी घरच्या माणसासारखा.

मी गोंधळलेच. ह्याच हातानं मारलं, आणि हाच हात मला सावरतोय. हार ओढून काढला. वरूनच विचारलं, "हा हार काचेवर आलाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कुठला हार?"

हार माझ्या हातात लोंबत होता, त्याच्या डोळ्यांदेखत.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं, वर, उघड्या काचेकडं बघितलं. एका हातानं शिडी तशीच धरून दुसऱ्यानं टोपी नीट बसवली.